बालकांच्या अंगणी शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

प्रतिवर्षी आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र वाचकांच्या सेवेशी सादर करावे, असा परिपाठ आहे. ही व्यक्ती बहुधा आपल्याच ज्ञातीत जन्मलेली असते आणि तिच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगण्यात काही गैर आहे, असे आम्हांस वाटत नाही. तथापि या वर्षी आम्ही हा परिपाठ हेतुतः बाजूस ठेविला आहे. ज्यांचे चरित्र येथे देत आहोत, त्या ताराबाई मोडक आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या आणि आपल्या बीड जिल्ह्याच्याही नव्हत्या. मुंबईत त्यांचा जन्म झाला, काठेवाडात त्यांची घडण झाली आणि ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांच्या सेवेत त्यांनी आपला देह झिजविला.

असे असता त्यांचेच चरित्र का निवडिले, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. मंडळाच्या वार्षिक समारंभात आपण शालान्त व त्यावरील परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार करितो. त्या वेळी व्यासपीठावर येणाऱ्या बालकांकडे पाहून मातापित्यांचे डोळे भरून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांची नावे त्या यादीत कधीच येत नाहीत, अशी मुले आपल्या घराघरांतून आहेत. ती दहाव्या इयत्तेत नापास झालेली नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेतच त्यांचा शाळेशी संबंध तुटलेला असतो. काहींना शाळा रुचली नाही, काहींना शाळा गाठताच आली नाही. या दोन्ही प्रकारच्या मुलांचा विचार ज्या स्त्रीने आयुष्याची पन्नास वर्षे केला, तिचे चरित्र ज्ञातीची मर्यादा ओलांडून वाचण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

जन्म व शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव व आई उमाबाई ही दोघेही प्रार्थनासमाजाची अनुयायी होती. जातिभेद न मानणे, स्त्रियांना शिक्षण देणे, कर्मकांडापेक्षा शुद्ध आचरणास महत्त्व देणे, हे त्या समाजाचे संस्कार ताराबाईंवर बालपणीच झाले. ज्या काळी मुलगी चार बुके शिकली तरी शेजारीपाजारी कुजबुज होत असे, त्या काळी, म्हणजे १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढील वर्षी त्यांचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी झाला. संसार सुखाचा व्हावा, ही त्यांचीही इच्छा होती. परंतु तसा योग नव्हता. १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी, आणि समाजाच्या दृष्टीने पतीपासून दूर राहणारी स्त्री म्हणजे टीकेचा विषय. अशा प्रसंगी अनेकांचे धैर्य खचते. ताराबाईंनी मात्र आपल्या विद्येचा आधार घेतला आणि राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारिले. त्या जागी आलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. वेतन चांगले होते, मान होता, पुढील आयुष्य निश्चिंतपणे गेले असते. परंतु हे स्थैर्य त्यांनी फार दिवस उपभोगिले नाही.

भावनगरची तपश्चर्या

राजकोटपासून फारसे दूर नसलेल्या भावनगर येथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत एक वेगळाच प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका या नावाच्या एका वकिलाने आपली वकिली सोडून दिली होती आणि १९२० साली तेथे लहान मुलांसाठी बालमंदिर काढिले होते. ताराबाईंना या प्रयोगाची ओढ लागली. १९२३ साली प्राचार्यपदाचा त्याग करून त्या भावनगरास आल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. पुढील सुमारे नऊ वर्षे त्यांनी तेथे घालविली.

त्या बालमंदिरात असे नवल काय होते, हे समजण्यासाठी त्या काळची शाळा डोळ्यांपुढे आणिली पाहिजे. पंतोजींची छडी, पाढ्यांची घोकंपट्टी, हाताची घडी घालून तासन् तास गप्प बसणे, हाच शिक्षणाचा अर्थ समजला जात असे. मूल म्हणजे रिकामे मडके, त्यात गुरुजींनी ज्ञान ओतावयाचे, अशी समजूत होती. जे मूल हालचाल करी ते खोडकर, जे प्रश्न विचारी ते उद्धट. आपल्यापैकी ज्येष्ठ वाचकांस हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

इटली देशातील विदुषी डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी या समजुतीस धक्का दिला होता. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी बालगृह उघडिले. मजुरीस गेलेल्या आईबापांची मुले तेथे येत. मूल हे स्वभावतःच शिकणारे आहे, ते हातांनी, डोळ्यांनी, कानांनी शिकते, आणि योग्य साधने पुढे ठेविली तर शिक्षकाने बोलण्यापेक्षा पाहणेच अधिक उपयोगाचे ठरते, असे त्यांच्या निरीक्षणास आले. एका आकाराची दट्टी त्याच आकाराच्या भोकात बसविताना मुलाची चूक त्याचे त्यालाच कळते. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरविताना त्या अक्षराचे वळण हातात भिनते. मण्यांच्या माळा हाताळताना दहा म्हणजे किती व शंभर म्हणजे किती, हे केवळ ऐकून घ्यावे लागत नाही; ते मूल प्रत्यक्ष उचलून पाहते.

गिजुभाई व ताराबाई यांनी ही पद्धती जशीच्या तशी उचलली नाही. आपल्या देशातील गोष्टी, गाणी, खेळ, नाट्य, बागकाम, घरकाम यांची त्यांनी तिच्याशी सांगड घातली. बालमंदिरात मारणे नाही, धाक नाही, बक्षिसाचे आमिषही नाही. मूल आपल्या आवडीचे काम निवडी, ते पुरे करी आणि साधन जागेवर ठेवी. या स्वातंत्र्यातूनच शिस्त उत्पन्न होते, ही गोष्ट पालकांस पटविणे मात्र फार कठीण गेले असले पाहिजे. कारण आजही ती अनेकांस पटत नाही.

१९२६ साली या उभयतांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका नावाचे मासिक निघाले. गुजराती पत्रिकेच्या पाठोपाठ ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिकेची धुरा वाहिली आणि बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत नेला. बालकांसाठी व पालकांसाठी लहान लहान पुस्तके लिहिणे हाही त्यांचा नित्याचा उद्योग होता.

मुंबईतील कार्य व मनातील सल

भावनगर सोडून ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू झाली. बालमंदिराबरोबरच बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही तेथे चालू लागले. संस्थेचा लौकिक वाढला. सुशिक्षित कुटुंबे आपली मुले तेथे आनंदाने पाठवू लागली. पुढे १९३९ साली डॉ. मॉन्टेसोरी स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि त्यांच्या पद्धतीचा मोठ्या शहरांतून बोलबाला झाला.

येथेच एखादी व्यक्ती कृतार्थतेने थांबली असती. ताराबाई थांबल्या नाहीत. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या मजूरवस्तीत झाला, ती हिंदुस्थानात येता येता श्रीमंतांच्या मुलांची मिरास होऊन बसली, ही विसंगती त्यांच्या ध्यानात आली होती. परदेशी धाटणीची लाकडी साधने महाग होती. ती विकत घेणे खेड्यातील शाळेस कोठून परवडणार? देशातील बहुसंख्य बालके तर खेड्यांत होती. इकडे गांधीजींनी १९३७ साली वर्धा येथे नयी तालीमचा विचार मांडिला होता आणि १९४५ साली त्या विचाराची कक्षा वाढवून अगदी लहान बालकांचे शिक्षणही त्यात अंतर्भूत केले होते. हाताने काम करीत शिकणे, हे सूत्र दोन्ही विचारांत समान होते. ताराबाईंनी ते सूत्र हाती धरून खेड्याची वाट धरिली.

बोर्डी : अंगणातील शाळा

१९४५ च्या अखेरीस तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्राचा आरंभ झाला. या वेळी ताराबाईंचे वय त्रेपन्न होते. त्यांच्या सोबतीस आल्या अनुताई वाघ. अनुताई १९१० साली जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि स्वकष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. ताराबाईंची कल्पकता व अनुताईंची अविश्रांत मेहनत यांचा तो संयोग पुढे अखेरपर्यंत टिकला.

बोर्डीस बालवाडी उघडली खरी, परंतु ज्यांच्यासाठी ती मुख्यतः उघडली होती ती मुले तेथे येईनात. तेव्हाच्या भाषेत हरिजनवाडा म्हटल्या जाणाऱ्या दलित वस्तीतील मुले दूर राहिली. त्याची कारणे शोधण्यास फार विद्वत्ता नको होती. आईबाप पहाटे कामास जात. मुलास न्हाऊमाखू घालून वेळेवर पाठविण्यास घरी कोणी नसे. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. अंगावर धड वस्त्र नसे. आणि शतकानुशतके ज्या वस्तीस गावाने दूर ठेविले, त्या वस्तीने गावातील संस्थेकडे विश्वासाने पाऊल टाकावे, ही अपेक्षाही सोपी नव्हती.

पुष्कळ शाळांचे चालक अशा वेळी पालकांच्या अज्ञानास दोष देऊन मोकळे होतात. ताराबाईंनी दोष शाळेच्या मांडणीस दिला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, असा सरळ निष्कर्ष त्यांनी काढिला आणि त्याप्रमाणे कृती केली. सेविका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांची तोंडे धुवावी, केस विंचरावे, नखे काढावी, आणि मग तेथेच गाणी, गोष्टी, खेळ व साधनांची मांडणी करावी. हीच अंगणवाडी. आज देशभर गावोगावी उच्चारला जाणारा हा शब्द अशा रीतीने अस्पृश्यतेच्या कुंपणावर मात करण्याच्या धडपडीतून आला आहे, याचे स्मरण आपण ठेविले पाहिजे.

अंगणात शाळा आल्याने आणखी एक गोष्ट आपोआप घडली. आई पाणी भरता भरता, आजी धान्य निवडता निवडता मुलांचे शिकणे पाहू लागली. शिक्षण म्हणजे काय, हे पालकांस व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

साधनांचा प्रश्नही ताराबाईंनी तेथेच सोडविला. समुद्रकाठच्या शिंपल्या व शंख, नदीतील गोटे, झाडांची पाने, फळांच्या बिया, काटक्या, माती, रंगीत चिंध्या यांतून त्यांनी साधने सिद्ध केली. लहानमोठे गोटे क्रमाने लावताना आकाराचा बोध होतो, बिया मोजताना संख्येचा, पाने वेगळी करताना वर्गीकरणाचा, आणि मातीच्या वस्तू घडविताना बोटांना पुढे लेखणी धरण्यासाठी लागणारे बळ येते. तत्त्व मॉन्टेसोरीबाईंचे, परंतु वस्तू मुलाच्या परिचयाची व बिनपैशाची. या एका फेराने बालशिक्षण गरिबाच्या आवाक्यात आले.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली केंद्राचे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड येथील टेकडीवर नेण्यात आले. ताराबाईंचे वय आता पासष्ट झाले होते. साधारणपणे या वयात माणसे निवृत्तीचा विचार करितात. ताराबाईंनी आयुष्यातील सर्वांत अवघड काम या वयात पत्करिले. कोसबाडच्या परिसरात वारली आदिवासींचे पाडे होते. दारिद्र्य, कर्ज, रोगराई आणि बाहेरच्या माणसाविषयी भय यांनी ते ग्रासलेले होते.

येथे अडचणीचे रूप बदलले. बालवाडीच्या वयाची मुले अंगणात मिळत; परंतु प्राथमिक शाळेच्या वयाची मुले घरी नसतच. सहा-सात वर्षांचे झाले की मूल गुरे घेऊन रानात जाई. शाळेची वेळ तीच गुरे चारण्याची वेळ. गुरे सोडून मूल शाळेत बसले तर घरचा आधार जाई, आणि शाळा सोडून मूल गुरांमागे गेले तर त्याचे भवितव्य जाई.

ताराबाई व अनुताई यांनी येथेही तोच विचार एक पाऊल पुढे नेला. मूल जर कुरणात आहे तर शाळाही कुरणात भरली पाहिजे. अशा रीतीने कुरणशाळा निघाली. शिक्षकाने गुराख्या मुलांबरोबर रानात जावे, गुरे चरत असता झाडाच्या सावलीत मुलांना जमवावे, भोवतालची झाडे, पक्षी, दगड, ओढा यांच्याच साहाय्याने वाचन, गणित व निसर्गज्ञान शिकवावे, असा हा उपक्रम होता. ज्या मुलास शंभर झाडांची नावे ठाऊक आहेत, वाऱ्यावरून पाऊस ओळखता येतो, दुरून आपले गुरू ओळखता येते, ते मूल अडाणी नाही. त्याच्या ठायी असलेल्या ज्ञानास अक्षरांची व अंकांची जोड देणे एवढेच शाळेचे काम उरते. कृतीतून शिक्षण म्हणतात ते याहून निराळे नाही.

त्याचबरोबर दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालविणारी विकासवाडी हे उपक्रमही कोसबाडला झाले. विकासवाडीमागील हेतू फार व्यवहारी होता. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळेबाहेर राहते, हे ताराबाईंनी पाहिले होते. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी एकाच छपराखाली सोय झाली तर त्या मुलीची पाठी रिकामी होते व तिच्या हाती पाटी येते. शिवाय बालवाडीत खेळत शिकलेले मूल पहिल्या इयत्तेत एकाएकी गप्प बसविले जात नाही. खेळाचा धागा पुढेही चालू राहतो.

सन्मान व अखेर

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य १९९२ साली स्वतःच्या निधनापर्यंत निष्ठेने चालविले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या एका वस्तीतील झाडलेले अंगण देशव्यापी योजनेच्या नावात अमर झाले. पोषण, लसीकरण व आरोग्यतपासणी यांबरोबर बालकांचे शाळापूर्व शिक्षण हाही त्या योजनेचा भाग आहे. परंतु अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, एवढीच समजूत पुष्कळ घरांतून रूढ झाली आहे. डबा भरून घेतला की मुलास घरी आणणाऱ्या मातांनी ताराबाईंचे हे चरित्र अवश्य वाचावे.

बीड जिल्हा आणि आपण

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९४८ सालच्या मुक्तीपर्यंत आपला मुलूख निजामी अंमलाखाली होता. सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू, शाळा थोड्या आणि खेड्यातील मराठी मुलास त्यांची दारे बहुधा बंदच. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्थांनी व तेथे अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांसारख्या त्यागी पुरुषांनी त्या अंधारात राष्ट्रीय शिक्षणाचा दिवा तेवत ठेविला. मुक्तीनंतर गावोगावी शाळा झाल्या, आणि आज जिल्हा परिषदेची शाळा नाही असे गाव शोधावे लागेल. शाळेची इमारत आली. परंतु बालाघाटाच्या डोंगरातील कोरडवाहू शेतीने अनेक मुलांस त्या इमारतीत टिकू दिले नाही.

दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतील सहस्रावधी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांच्यामागे मुलेही जातात. पाचटाच्या कोपीत संसार मांडावयाचा, पहाटे फडात उतरावयाचे, आणि मुलाने धाकट्यास सांभाळावयाचे, वाढे गोळा करावयाचे, बैलांकडे पाहावयाचे. हंगाम संपवून कुटुंब उन्हाळ्यात परत येते तेव्हा गावच्या शाळेचे वर्ष संपलेले असते. ऊसतोडीस जाणारा समाज एकच नाही. अनेक ज्ञातींची माणसे त्या एकाच फडात घाम गाळितात. आपल्या सभासद कुटुंबांतही असे आप्तस्वकीय आहेत, हे आपण सारे जाणतो, परंतु समारंभात त्याचा उच्चार टाळितो.

कोसबाडचे गुराखी मूल आणि आपल्याकडील ऊसतोड कुटुंबाचे मूल यांत काय भेद आहे? दोघांच्याही हातून शाळा सुटते ती घरच्या पोटासाठी. ताराबाईंचे उत्तर म्हणूनच आपल्या उपयोगाचे आहे. कारखान्यांच्या परिसरात काढल्या गेलेल्या साखरशाळा ही कुरणशाळेचीच धाकटी भावंडे होत. मुलास आजी-आजोबांजवळ गावीच ठेवून त्याच्या भोजनाची व अभ्यासाची व्यवस्था करणारी हंगामी वसतिगृहे हा दुसरा मार्ग. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला, आणि त्यान्वये स्थलांतरित मुलासही जेथे जाईल तेथील शाळेत प्रवेश मिळण्याचा अधिकार आहे. मुलास मारहाण करण्यासही त्याच कायद्याने मनाई केली आहे. हे अधिकार फडावरील मातापित्यांस ठाऊक करून देणे, हे सुशिक्षित बांधवांचे पहिले काम आहे.

दुसरे काम शाळेत टिकलेल्या मुलांविषयीचे आहे. २०१५ साली राज्य शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतून फरशीवर रंगविलेले तक्ते, मण्यांच्या माळा, काड्यांचे दशक-गठ्ठे, चिंचोके व खडे दिसू लागले. काही पालक हे पाहून नाराज होतात. गुरुजी शिकवीत नाहीत, मुलांना नुसते खेळवितात, अशी तक्रार आमच्याही कानी आली आहे. त्या पालकांस आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी थोडा वेळ वर्गात बसून पाहावे. दहा दहा काड्यांचे गठ्ठे बांधणारे मूल हातच्याची बेरीज समजून करिते. केवळ पाठांतर केलेले मूल हातचा कोठून आला हे सांगू शकत नाही. वह्या भरल्या म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत मुलांस फार महाग पडते.

घरीही पुष्कळ करिता येईल आणि त्यास खर्च नाही. आजीने सागरगोटे खेळता खेळता नातवंडाकडून मोजून घ्यावे. ज्वारी, तूर, हरभरा यांचे मिश्रण ताटात देऊन निवडावयास सांगावे. बाजारात नेऊन सुट्या पैशांचा हिशेब मुलाकडे सोपवावा. गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून विहिरीची, दुष्काळाची, जुन्या वाटांची माहिती गोळा करून आणावयास लावावी. फडावर असलेल्या मुलास उसाच्या कांड्या आणि मोळ्या मोजता येतील, कोपीपुढील मातीत काडीने अक्षरे गिरविता येतील. सायंकाळी मूल घरी आले की किती पाने लिहिलीस असे विचारण्याऐवजी आज काय करून पाहिलेस, असे विचारावे. या एका प्रश्नाने मुलाच्या शिकण्यास केवढे बळ मिळते, हे अनुभवानेच कळेल.

शेवटी मंडळाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ज्ञातिमंडळे स्थापन झाली ती आपल्या मुलांस शिक्षण मिळावे याच तळमळीतून. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, पुस्तकपेढ्या ही मंडळांची पुण्याई आहे. परंतु आमचे साहाय्य बहुधा वरच्या इयत्तांपासून सुरू होते, आणि तोपर्यंत गळणारी मुले गळून गेलेली असतात. शिष्यवृत्तीच्या निधीतील काही भाग सहा ते दहा वर्षांच्या बालकांसाठी राखून ठेवावा. लग्नसराई सोडून एरवी रिकामी राहणारी आपली सभागृहे सायंकाळी खेळघरासाठी उघडावी. गावात राहणाऱ्या शिकलेल्या मुलींस व सुनांस त्या कामी मानधन द्यावे. हंगामात मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या नातवंडांस तेथे सायंकाळचे दोन घास व दोन तासांची सोबत मिळावी.

आणि त्या खेळघरात येणाऱ्या बालकास त्याची जात विचारू नये. आपल्या मंडळाच्या वास्तूवर ज्ञातीचे नाव आहे, म्हणून ही सूचना काही ज्येष्ठांस अवघड वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु फडात एकाच ओळीने ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांनी शिकताना मात्र वेगवेगळ्या ओसरीवर बसावे, हे कोणासही शोभणारे नाही. ताराबाईंची अंगणवाडी ज्या अंगणात प्रथम भरली, त्या अंगणास गावाने दूर ठेविले होते. त्यांनी ते झाडले, मुले बसविली आणि मोजणीसाठी शिंपल्या मांडल्या. आपल्याजवळ झाडलेले अंगण आहे, छप्पर आहे, चिंचोकेही आहेत. येत्या हंगामाच्या आधी मंडळाच्या कार्यकारिणीने हा विषय सभेपुढे घ्यावा, अशी सर्व सभासद बंधुभगिनींच्या वतीने आम्ही विनंती करितो आणि या बालमातेच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन करून हे चरित्र येथे पुरे करितो.